वहीतलं वडिलांचं नाव

आम्ही रामकुंडावरचे उपाध्ये. तीर्थाला आलेले यजमान स्वतःच्या हातानं नोंद करतात, त्या वंशावळींच्या वह्या आमच्याकडे आहेत. बाबा गेल्यावर मी पानांचे फोटो वेबसाइटवर टाकले. वर लिहिलं, 'आता घरबसल्या वाचा.'

आज सकाळी विंचूरहून दत्तू आजोबांचा फोन आला. त्यांना दिसत नाही.

"ताई, माझा मोबाईल समदं वाचून दाखवतो. तुमच्या पानावर नुसतं 'चित्र, चित्र' करतो. मला वाटलं, मोबाईलच बिघडला. माझ्या वडलांनी काय लिहिलंय, ते ऐकायचं हाय. तुमचे बाबा वाचून दाखवायचे."

मी वही उघडून वाचलं. "सोबत मुलगा दत्तू, वय सहा."

ते म्हणाले, "परत वाचा."

मोबाईलला वाचता यावीत म्हणून पानं टाईप करायला बसले आहे. आपलाच मोबाईल बिघडला, असं आणखी किती जणांना वाटलं असेल?