हळदीकुंकवातली तपासणी

चौबे कॉलोनीतल्या आमच्या महिला मंडळाने 'बीपी, शुगर मोफत तपासून मिळेल' असं सांगून पाहिलं, तर डॉक्टरीणबाई सकाळभर माश्या मारत बसल्या. कोणाला पोळ्या लाटायच्या होत्या, कोणाचा नवरा रेल्वेच्या ड्यूटीवरून यायचा होता. आमच्या बायकांना आजारी पडायलाही सवड नाही.

उपाय सुचवला तो माझ्या आईने. "तपासणीले काहून बोलावता? हळदीकुंकवाले बोलवा. साऱ्या येतीन, चांगल्या साड्या नेसून येतीन. मंग बांधा दंडाले पट्टा."

आणि खरंच, संक्रांतीनंतर बिल्डिंगखालचा हॉल फुलून गेला. दारात कुंकू, पुढे वाण, मग खुर्चीत बसून दंडाला पट्टा. 'तुझं किती, माझं किती' विचारत बायका एकमेकींचं लोणचं बंद करत होत्या. तेलीबांधा तलावावर रोज फिरायला जायचंही तिथेच ठरलं. मला फार बरं वाटलं होतं.

फक्त आई आली नव्हती. बाबा गेल्यापासून ती हळदीकुंकवाला जात नसे आणि तिला कोणी बोलावतही नसे. मंडळात एवढ्या हुशार बायका, पण कुंकू लावून आत घेतलं की विधवा बाहेरच राहणार, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. आईच्या नक्की आलं असणार. त्याचाच मला जास्त राग येतो.

मी वर जाऊन भांडले. डोकं दुखतं म्हणून बरेच दिवस ती कपाळाला बाम चोळत होती. मी म्हटलं, "कुंकू नको लावू, नुसता हात पुढे कर. पण चल."

"हव, येतो. तू हो पुढं."

हा 'हव' तिच्या बोलीतलाही आणि इथल्या छत्तीसगढी शेजारणींच्याही तोंडचा. 'हो' म्हणाली की आई ते काम करायची. 'हव' म्हणाली की विषय संपायचा. शेवटी मी डॉक्टरीणबाईंनाच वर आणलं, तर हिने आतून कडी लावून झोपेचं सोंग घेतलेलं.

त्याच उन्हाळ्यात तिची उजवी बाजू गेली. बीपी कधीपासून वाढलेलं होतं, कोण जाणे.

यंदा मंडळाने दारातलं कुंकवाचं तबक काढलं. बोलावणं घरोघर गेलं. आईला जिना उतरता येत नाही, म्हणून डॉक्टरीणबाई आधी आमच्याकडे आल्या. आता तिच्या गोळ्या मी वेळेवर देते. पट्टा सोडत त्या कौतुकाने म्हणाल्या, "आंटीजी, आपका तो सबसे बढ़िया है."

आईने डाव्या हाताने माझी ओढणी ओढली. जड जिभेने विचारलं, "यंदा... साऱ्याइले बोलावलं?"

"साऱ्यांना बोलावलं, आई."

"मंग मलेही घेऊन चाल," ती म्हणाली, आणि डावा पाय पलंगाखाली नेऊन चप्पल शोधू लागली.