निकालाआधीचा निरोप

बीडला मी मशीनबरोबर आलो. कोल्हापुरात ज्या दुकानात मी फ्लेक्स छापायचो, तिथल्या मालकांनी जुनं मशीन बीडच्या एका माणसाला विकलं. आता ते चालवणार कोण, असं त्याने विचारल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. नववीत शाळा सोडलेली, घर पार वेंगुर्ल्याच्या बाजूला. टेम्पोत मशीनला टेकून बसलो ते थेट इथे उतरलो.

मला सगळ्याचीच धास्ती वाटते. शाई संपेल, बॅनरवर कुणाच्या नावाचा काना राहील, मी बोलायला लागलो की लोक माझ्या हेलावर हसतील. पण नवे मालक, ज्यांना मी भाऊ म्हणतो, त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला रविवारच्या मंडळींत नेऊन बसवलं. त्यांचे उपकार मी या एका गोष्टीपासून मोजायला सुरुवात करतो.

रविवारची मंडळी म्हणजे आमची हॉकीची लीग. बीडमध्ये हॉकी कुठून, असं मीही विचारलं होतं. आमच्या गल्लीत शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे सर राहतात. जो तो क्रिकेट बघतो याचा त्यांना मनापासून राग. थंडीत टीव्हीवर हॉकीच्या मोठ्या संघांची स्पर्धा चालते. सरांनी गल्लीतले आठजण धरले आणि प्रत्येकाला त्यातले अकरा खेळाडू निवडून आपापला कागदी संघ करायला लावला. आपल्या खेळाडूने गोल मारला की गुण, गोलकीपरने गोल अडवला की त्याहून थोडे कमी, पिवळं कार्ड मिळालं की वजा. कर्णधार म्हणून ज्याला नेमलं त्याचे दुप्पट. पैसे लावणं बंद. दर रविवारी आमच्या दुकानात सर फळ्यावर बेरीज करायचे आणि आम्ही भजी खात एकमेकांना टोचून बोलायचो.

बाकी सहा दिवस मी कामगार. रविवारी मात्र आठातला एक. सुरुवातीला गल्लीतल्या झेरॉक्सवाल्या ताई कधी माझ्यापुढे असायच्या, कधी भाऊ मागे असायचे, आणि माझ्या शाळेचं तिथे कुणाला काही पडलेलं नव्हतं.

फक्त एक नियम वाईट होता. हंगाम संपला की शेवटचा माणूस बाहेर आणि वाट बघणारा आत. वाट बघत होते नेकनूरचे एक कंडक्टर. ड्युटी संपली की दुकानासमोर थांबायचे आणि मला हाक मारायचे, "काय कोकणी, कितवा नंबर हाय?"

माझा नंबर आठवा होता. बरेच आठवडे आठवाच होता. कारण मी गोलकीपरला कर्णधार केलं होतं.

"गोलकीपर कुठं कॅप्टन आसतो का बे?" भाऊ म्हणायचे. "गोल मारनारा घ्यावा मानसानं. माझा बघ."

भाऊंचा कर्णधार पेनल्टी कॉर्नरवर गोल मारणारा पठ्ठ्या होता. तरी बाकीचे दहा आळशी निघाल्यामुळे भाऊ सातवे होते. माझं म्हणणं साधं होतं. सगळे पुढे पळतात, एकजण मागे उभा राहून सांभाळतो, त्याच्यावर माझा जीव. सर म्हणाले, "भावना चांगली आहे. गुण वाईट आहेत."

शेवटचा सामना रविवारी संध्याकाळी होता आणि लगेच बक्षीस समारंभ. शनिवारी भाऊ म्हणाले, "चल, समारंभाचा फ्लेक्स छापून टाकू."

"निकाल लागायचाय, भाऊ."

"आपन कधी निकालासाठी थांबलोय व्हय?"

ते खरंच होतं. आमच्या धंद्यात निवडणुकीची मतमोजणी सुरू होण्याआधीच दोन्ही बाजूंचे 'प्रचंड मतांनी विजयी' तयार असतात. जो हरतो त्याचा फ्लेक्स कुणीतरी गोठ्यावर टाकायला घेऊन जातो. पण तिथे आम्ही दोन छापतो. इथे भाऊंनी एकच सांगितला. मला वर यायचं तर माझ्या गोलकीपरला एका सामन्यात सगळ्या हंगामाचं काम करावं लागणार होतं.

मग मी बसलो. वर झेरॉक्सवाल्या ताई, सर्वोत्कृष्ट संघनायिका, मागे सोनेरी किरणं. त्याखाली सर्वात जास्त पिवळी कार्डं, सर्वात जास्त बढाया (हे बक्षीस भाऊंना) असे मानकरी. आणि सगळ्यात खाली 'भावपूर्ण निरोप', त्यात मी. स्वतःच्या फोटोचा मागचा भाग मीच कापला. फोटो मी लहानच ठेवला होता. भाऊ मागून म्हणाले, "मोठा कर. जानारा मानूस ठसठशीत दिसला पायजे."

रविवारी सकाळी फ्लेक्स दुकानासमोर लागला आणि दुपारपर्यंत गल्लीने मला निरोप देऊन टाकला. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "गावाकडं चाललास जनू. आईला बघ बाबा आता." मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या इतक्या मायेने बोलत होत्या की मी मान हलवली आणि त्यांनी दिलेली कोथिंबिरीची जुडी घेऊन आलो.

संध्याकाळी दुकानात खुर्च्या लावल्या. कंडक्टर नवा शर्ट घालून, भांग पाडून हजर होते. एका ताटात नारळ, हार आणि फेट्याचं कापड, जाणाऱ्याच्या सत्कारासाठी. मी त्या ताटाकडे न बघता टीव्हीकडे बघत होतो.

सामना बरोबरीत सुटला. मग शूटआउट. एकटा खेळाडू चेंडू घेऊन येतो, समोर एकटा गोलकीपर, आठ सेकंदांत काय ते होतं. माझ्या गोलकीपरने पहिला अडवला. दुसराही अडवला. कर्णधाराचे दुप्पट गुण मांडायला सर फळ्याजवळ गेले.

"थांबा की," भाऊ म्हणाले. "आजून माझा यायचाय."

आणि भाऊंचा कर्णधारच आला. माझ्या गोलकीपरने अडवला तर मी राहतो. पण मग आठवा कोण, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ज्या माणसाने मला इथे आणून बसवलं तोच बाहेर जाणार होता. मी डोळे मिटून घेतले, आणि काय मागावं तेच कळेना म्हणून काही मागितलं नाही.

आवाज झाला. डोळे उघडले तर गोलकीपर जमिनीवर आडवा आणि चेंडू त्याच्या पॅडखाली.

सरांनी बेरीज केली, पुसली, परत केली. मी सातवा. भाऊ आठवे.

मी उठलो. "भाऊ, माझी जागा तुम्ही घ्या. मी जातो. फ्लेक्सवर तसंच छापलंय ना."

"छापलंय म्हनून खरं व्हायला त्यो काय सातबारा हाय?" झेरॉक्सवाल्या ताई म्हणाल्या.

भाऊ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बस खाली. लई शाना झालास. नियम मोडायचा आसता तर म्या कवाच मोडला आसता." आणि सरांपुढे डोकं केलं. "बांधा फेटा."

सरांनी फेटा बांधला. नारळ दिला. कंडक्टरांनी हार घालायचा मान मागून घेतला आणि घालताना म्हणाले, "भाऊ, तुमच्या जागंला धक्का लागू देनार न्हाई."

"ती आठव्या नंबरची जागा हाय. तू काय धक्का लावतो तिला?"

मग भाऊंनी मनोगत व्यक्त केलं. पिवळ्या कार्डांचं आणि ताईंचं बक्षीस वाटून झालं तरी ते व्यक्त होतच होतं. आपल्याला पदाचा मोह नाही, इथपर्यंत ते आले तेव्हा सरांनी मध्येच जाहीर केलं की आजपासून भाऊ लीगचे मार्गदर्शक. गुण नाहीत, संघ नाही, बोलायला मुभा. टाळ्या पडल्या. मी सगळ्यात जास्त वाजवल्या.

भजी आली. माझ्या शेजारच्या खुर्चीत कंडक्टर ऐसपैस बसले होते. भाऊंनी आतून मशीनचं स्टूल आणलं आणि फेट्यासकट माझ्या पाठीमागे येऊन बसले.

"कोकणी," ते हळूच म्हणाले, "पुढच्या हंगामाला कॅप्टन कोन घेनार?"

आजवर भाऊंनी विचारलं आणि मी सांगितलं नाही असं झालं नव्हतं. शाई किती उरली, जेवलास का, घरी फोन केलास का, सगळं सांगत आलो. पण आता शेजारी कंडक्टर कान लावून बसले होते.

"ते निवडीच्या दिवशी कळेल, भाऊ," मी म्हणालो.

भाऊ ताईंकडे बघून म्हणाले, "ऐकलं का? आता मालकाला बी सांगंना ह्यो," आणि हसत माझ्या ताटलीतली मोठी भजी उचलून त्यांनी तोंडात टाकली.