धूर दिसला नाही म्हणून

घर बांधणाऱ्याला लोक जेवायला बोलावतात, पाडणाऱ्याला कोणी पाणीही विचारत नाही. घणोबाला त्याचं काही वाटायचं नाही. पाडकाम त्याला मनापासून आवडायचं. भिंत आधी ढिम्म उभी राहते आणि मग एकदम कमरेतून मोडते, तेव्हा त्याच्या जिवाला थंडावा मिळायचा. आईबाप लहानपणीच गेले आणि त्यांनी ठेवलेलं नावही त्यांच्याबरोबरच गेलं. हातात सदानकदा घण, म्हणून घणोबा.

राग नाकावर. एका ठेकेदारानं मजुराच्या मुस्काटात मारली, तर यानं ठेकेदाराचे पुढचे दात घशात घातले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच कामावर हजर झाला. ठेकेदारानंही निमूट ठेवून घेतलं, कारण असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता. मारामारीत त्याचं स्वतःचं नाक इतक्या वेळा फुटलं होतं की ते नक्की कुठल्या बाजूला वळलंय, हे बघणाऱ्याला पटकन कळायचं नाही.

त्याला गप्प करणारं जगात एकच माणूस होतं, त्याची थोरली बहीण. ताईनं त्याला वाढवलं ते इस्त्री फिरवून. चर्चच्या मागे बैठ्या घरांची एक रांग होती. ताई आणि तिथल्या इतर विधवा बायका वेदीवरची कापडं आणि फादर लोकांचे झगे धुवायच्या, खळ घालायच्या, इस्त्री करायच्या आणि त्या बदल्यात मरेपर्यंत तिथं राहायच्या. आधीच्या म्हाताऱ्या बिशपनं तसा शब्द दिला होता. तो स्वतः दोन खोल्यांत राहिला, आणि त्याच्या झग्याच्या कोपरावरचं ठिगळ ताईच्या हातचं होतं.

तो गेला आणि नवे बिशप आले. माणूस गोड. बोलायला लागले की ऐकणाऱ्याला झोप यावी इतके गोड. ते म्हणाले, बिशपच्या घराकडे पाहून भाविकांना स्वर्गाची कल्पना यायला हवी. मग स्वर्ग बांधायला घेतला. जुनं घर घणोबानंच पाडलं, आणि पाडताना त्याला काडीचंही वाईट वाटलं नाही, हेही सांगायला हवं. नव्या घरात राहणारा एकटा जीव सदाशिव, पण झोपायच्या खोल्या पाच. दोन मजल्यांसाठी लिफ्ट. दारूच्या बाटल्यांना वेगळी गार खोली. अंघोळीच्या खोलीत जमिनीत उतरलेलं संगमरवरी टाकं, आत उतरायला पायऱ्या, सोनेरी नळ, आणि टॉवेल गरम ठेवणारी दांडी. गरिबीचं व्रत घेतलेल्या माणसाला ओला टॉवेल सोसत नसावा.

त्या टाक्यात बसलं की खिडकीतून समोर रांग दिसायची. वाळत घातलेली धुणी, धुराडी, धूर. तिथं हिरवळ आणि तळं हवं असं ठरलं. बिशपच्या सेक्रेटरी फादरनं बायकांना जागा सोडायला सांगितलं. बायकांनी म्हाताऱ्या बिशपचा शब्द काढला, त्यानं कागद मागितला. मग एका सकाळी काठ्या घेतलेली माणसं आली. त्यांनी खळीचे हंडे लाथाडले, धुणी चिखलात तुडवली, एका म्हातारीचं मनगट मोडलं. बायका हलल्या नाहीत.

शेवटी घणोबाच्या टोळीला बोलावलं. आता या पाडकामवाल्यांचा एक नियम होता. आत चूल पेटलेली असेल तर घराला पहिला घाव घालायचा नाही. घातला तर घालणाऱ्याचं वाटोळं होतं, असं ते मानायचे. पण आत डोकावायचं मात्र नाही. डोकावलं की आतल्यांचे डोळे दिसतात, आणि मग घण उचलवत नाही. म्हणून ते मागच्या बाजूनं यायचे, फक्त धुराडं बघायचे. धूर असला की बसून राहायचे.

ताईला हे माहीत नसेल तर कोणाला? दुसऱ्या दिवसापासून रांगेतल्या एकूण एका घरात दिवसभर चूल धडधडू लागली. घणोबा बाहेर घणावर बूड टेकून बसायचा.

"काय करणार फादर, नियम म्हणजे नियम," तो सेक्रेटरीला म्हणायचा, आणि टोळी तोंड फिरवून हसायची.

मग ती सकाळ आली. सेक्रेटरी फादर कोपऱ्यावरच भेटला.

"गेल्या सगळ्या. शाळेत सोय केली त्यांची. तुझी बहीणही गेली."

घणोबानं वर पाहिलं. एकाही धुराड्यातून धूर नव्हता. ताई आपल्याला न सांगता गेली, हे त्याला फार लागलं. त्या रागात त्यानं पहिला घाव तिच्याच घराला घातला, मागच्या भिंतीला, सगळ्या ताकदीनं. दुसरा घातला. तिसऱ्या घावाला भिंत आत बसली आणि छताची तुळई खाली आली.

धुळीतून आवाज आला, "कोण आहे रे?"

त्यानं तुळई एकट्यानं उचलली. ताईचा गुडघ्याखालचा पाय पाय राहिला नव्हता. हाड बाहेर आलं होतं आणि लुगड्याची सुरकुती न् सुरकुती रक्तानं भरली होती.

"पहाटे लाकडं उचलून नेली रे कोणीतरी," ती म्हणाली. "सगळ्या जळण शोधायला गेल्यात. मी राखण करत बसले होते."

टोळीनं तिला दवाखान्यात नेलं. घणोबानं घण उचलला आणि समोरचा रस्ता ओलांडला.

काचेचं दार पहिल्या घावात गेलं. लिफ्टचं दार त्यानं आत दुमडलं. गार खोलीतल्या बाटल्या अशा फोडल्या की दारू उंबऱ्यावरून बाहेर वाहू लागली. वर जाऊन त्यानं संगमरवरी टाकं फोडलं, नळ उखडले, आणि पाणी जिन्यावरून धो धो खाली आलं. सेक्रेटरी फादर आडवा आला. त्याच्या खांद्याचं हाड घणाच्या दांड्यानं मोडलं. नंतर पोलिसांनी घणोबाला त्याच पाण्यात पाडून, फासळ्या मोडेपर्यंत मारलं.

ताईचा पाय कापावा लागला. कोठडीत निरोप आला की बिशपनी क्षमा केली आहे. रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर घणोबानं गुडघे टेकायचे आणि बिशपच्या अंगठीचं चुंबन घ्यायचं. मग तक्रार मागे, आणि ताईला बिशपच्या घरात तळमजल्यावर एक खोली, कायमची. घणोबा निरोप्यावर थुंकला.

दुसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून ताई आली.

"तुझ्या रागानं मला आजवर काय दिलं रे? मला छप्पर पाहिजे. टेक गुडघे."

"ताई, मला नाही जमणार."

"मला एका पायानं जगायला जमतंय. तुलाही जमेल."

तिचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. ताईची खुर्ची वेदीच्या पायरीशीच लावली होती, आणि खोलीची किल्ली तिच्या मांडीवर होती. पोलिसांबरोबर घणोबा आला. मोडक्या फासळ्या धरून गुडघ्यांवर बसला आणि त्यानं मान वाकवली. बिशपनी हात पुढे केला. ते खरोखर हेलावले होते. खाली वाकून ते हळू, मायेनं बोलले.

"माझ्या मनात काही नाही रे. कोणाला लागावं अशी इच्छाच नव्हती. तुम्ही धूर बघून थांबता असं कळलं, म्हणून लाकडं उचलायला मीच सांगितलं. पुन्हा काठ्या नकोत, पोलीस नकोत, सगळं शांतपणे व्हावं म्हणून."

ताईनंही ते ऐकलं.

घणोबाचे ओठ अंगठीजवळ पोचले होते. त्यानं तो मऊ हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबला. आधी एक हाड मोडलं, मग एकदम दोन-तीन. बिशपच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो कोणी कधी ऐकला नव्हता. पोलीस धावले, घणोबाच्या पाठीवर आणि डोक्यावर काठ्या पडू लागल्या. पकड सुटेना. अंगठी मांसात रुतली आणि बोटांतून रक्त ठिबकायला लागलं.

खांदा बांधलेला सेक्रेटरी फादर ताईच्या खुर्चीशी आला.

"बाई, सांगा त्याला. तुमचं ऐकतो तो. सांगा, सोड म्हणून."

घणोबाचं डोकं फुटलं होतं. रक्त डोळ्यांत उतरत होतं, तरी तो बहिणीकडेच बघत होता. ती सांगेल ते तो करणार होता.

ताई काही बोलली नाही.