नागोराव मेंबरची सही

नागोरावला सही येत होती, वाचता येत नव्हतं. हे गावात तिघांनाच ठाऊक होतं: तो, त्याची बायको कांताबाई आणि पंचायतीचा सेक्रेटरी, म्हणजे मी. पहिल्याच सभेची नोटीस हातात दिली तेव्हा त्याची नजर कागदावर एका जागी चिकटली, तेव्हाच मी ओळखलं.

छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्याच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. सरपंच कमलाकरराव तोंडावर काही बोलले नाहीत, पण त्यांनी डूख धरला. पुढं निवडणूक आली, तेव्हा वस्तीनं नागोरावला निवडून दिलं, का, तर हा आपला शिकलेला माणूस. चार अक्षरांची केवढी मिजास!

आमच्याकडे रीत अशी, की अंगठा लावणाऱ्या मेंबरला ठराव मोठ्यानं वाचून दाखवायचा. सहीवाल्यानं आपला आपण वाचायचा. त्या खेपेला सगळेच सहीवाले निघाले.

एका सभेत मी रजिस्टर पुढं सरकवलं. ठराव असा होता, की वस्तीतल्या बायांनी बाजारात निंबाखाली न बसता नाल्याकाठी बसावं. नागोरावनं ओळींवरून नजर फिरवल्यासारखं केलं आणि ऐटीत सही ठोकली. मी तोंड उघडलं नाही. नोकरी सांभाळली, दुसरं काय!

कांताबाई निंबाखाली वांगी-मिरच्या विकायची. घर तिच्यावरच चालायचं. शुक्रवारी कोतवालानं तिची टोपली उचलून नाल्याकाठी नेऊन ठेवली. गावची मेलेली ढोरं आता तिथंच टाकून देत, तिथंच सडत. दिवसभर एक गिऱ्हाईक तिकडं फिरकलं नाही.

पुढच्या सभेला अख्खी वस्ती दारात उभी राहिली, कांताबाई सगळ्यांच्या पुढं.

कमलाकरराव गोड आवाजात म्हणाले, "नागोराव, तुले वाचता येत नसंन तर तसं सांग. न वाचता सही केली म्हन, आत्ताच्या आत्ता ठराव रद्द करतो."

बायकोच्याच पोटावर पाय देणारी सही पाहून त्यांना संशय आला होताच. ते खरंच करणार होते. वस्तीच्या मेंबरच्या तोंडून वस्तीसमोर एवढंच वदवून घ्यायचं होतं त्यांना.

"सांगा ना हो!" कांताबाई ओरडली. "काहून गप बसून राह्यले? मले त्या घाणीत बसवता काय?"

नागोरावनं दाराकडं पाहिलं. सगळी वस्ती त्याच्याकडं बघत होती.

"वाचूनच सही केली मी," तो म्हणाला.

"मंग झालं तर!" सरपंचांनी मांडीवर थाप मारली. कांताबाईकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. मी खाली मान घालून लिहिलं, 'ठराव कायम.'

तिनं बाजार सोडला आणि कमलाकररावांच्याच वावरात निंदायला जाऊ लागली. नागोराव आणखी तीन वर्षं मेंबर होता. पुढं येईल त्या ठरावावर तो मुकाट्यानं सही करायचा. मी त्याला एकही वाचून दाखवला नाही.