लुएलाचं एकुलतं एक वाक्य

लुएला प्रॉब्स्टला तुम्ही पाहिलंय. नाही म्हणू नका. स्टेशनवर हिरो गाडीमागे धावतो आणि त्याच्या धक्क्याने एका बाईची टोपी तिरकी होते, ती लुएला. कोर्टात निकाल ऐकून मागच्या बाकावर तोंडावर हात ठेवणारी, तीही लुएलाच. हॉलिवूडमध्ये तिने उभी हयात अशी घालवली, आणि वर मलाच ऐकवायची, "मॉडी, माझ्यावाचून एकही बॉलरूम भरत नाही."

"हो ना. खुर्च्यांवाचूनही भरत नाही," मी म्हणायची. मीसुद्धा एक्स्ट्राच होते, त्यामुळे टोमणा मारायचा हक्क मला होता. आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो, आणि चांगला इव्हनिंग गाऊनही दोघींत मिळून एकच होता. ज्या दिवशी दोघींना पार्टीचा सीन यायचा, त्या दिवशी घरात महायुद्ध व्हायचं.

आमच्या धंद्याची एक गंमत आहे. मागच्या टेबलावर बसून आम्ही हसायचं, भांडायचं, कुचाळक्या करायच्या, पण सगळं बिनआवाजी. ओठ हलले पाहिजेत, आवाज फुटता कामा नये. पुढे हिरो-हिरॉइनचं प्रेम चाललेलं असतं, आणि माइकमध्ये आमचा हूं का चूं गेला तरी बर्नी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, सरळ गेटबाहेर काढायचा. लुएला यात भलतीच पटाईत. समोरच्या म्हाताऱ्याला ती नुसत्या ओठांनी कोबी आंबवायची कृती सांगायची, आणि पडद्यावर वाटायचं, बाई कुणाचं तरी लफडं सांगतेय.

तिची आई नेब्रास्कात, एका लहानशा गावी. लेकीचा प्रत्येक सिनेमा बघायची. मग म्हातारीचे डोळे गेले. तरी काही दिवस सिनेमाला गेली बिचारी. शेजारच्या मिसेस हॅगस्ट्रॉम कोपराने ढोसून सांगायच्या, "आली तुमची लुएला... गेली." शेवटी म्हातारी वैतागली. "इथल्या अंधारात बसण्यापेक्षा घरच्या अंधारात बसते," म्हणाली आणि सिनेमा सोडून दिला.

हे कळलं तेव्हा लुएला आमच्या खोलीत हमसाहमशी रडली. मला रडणाऱ्या माणसांचा राग येतो, कारण मग मलाही रडू येतं.

"एक वाक्य, मॉडी. फक्त एक वाक्य मिळू दे," ती म्हणाली. "तिला ऐकू तर येतं ना."

झालं, बर्नीला साडेसाती लागली. पोरीने त्याला केक खाऊ घातले, त्याच्या कुत्र्याला फिरवून आणलं, त्याच्या सासूचं गाणंसुद्धा ऐकून घेतलं. अखेर तो शरण आला. बड्या घरच्या मेजवानीचा सीन होता. लुएला मोलकरीण. दारात येऊन म्हणायचं, "जेवण वाढलंय, बाईसाहेब." बस्स, एवढंच. घरात तिने ते इतक्या वेळा म्हटलं की मला खरोखर भूक लागायची.

शूटिंगच्या दिवशी मी सुपाचं भांडं धरून मागे उभी. लुएला दारात आली, मान लववली, ओठ सुरेख हलवले. सेटवर चिडीचूप.

"कट!" साउंडवाला ऑस्कर ओरडला. "माइक मेला." वायरी बदलल्या, माइक बदलला. पुन्हा लुएला आली, ओठ हलले, पुन्हा काही नाही. ऑस्कर आपल्या पेटीला थापडा मारायला लागला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माइक ठणठणीत होता. आमची लुएलाबाई इतक्या वर्षांच्या सवयीने बिनआवाजी बोलत होती! कॅमेरा सुरू झाला की तिचा गळा आपोआप बंद व्हायचा. तिला स्वतःला पत्ताच नव्हता.

दिग्दर्शकालाही ते कळलं. "कोपऱ्यातल्या त्या उंच पोरीला द्या वाक्य," तो बर्नीला म्हणाला. लुएला एप्रनची गाठ सोडायला लागली.

मी सूप खाली आदळलं आणि बर्नीपुढे उभी राहिले. "एकदा, फक्त एकदाच घे. नाहीतर तुझ्या सासूचं गाणं यापुढे तूच ऐक." मग लुएलाला धरून बाजूला घेतलं. "भवाने, तुझी आई कोंबड्यांच्या खुराड्याशी असली की स्वयंपाकघराच्या दारातून जेवायला कशी हाक मारायचीस?"

"जोरात," ती पुटपुटली. "मध्ये सगळं आवार असायचं."

"मग तशीच मार. गेला खड्ड्यात कॅमेरा."

ती दारात आली आणि तिने अशी खणखणीत हाक मारली की ऑस्करने कानांवरचे हेडफोन ओढून काढले. "जेवण वाढलंय, बाईसाहेब!" टेबलावरची बडी मंडळी खरोखर दचकली. दिग्दर्शक हसत सुटला आणि म्हणाला, ठेवा.

ठेवलं, पण कसं? सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघी पहिल्या खेळाला गेलो. ते वाक्य आलं, आणि पडद्यावर होती हिरॉइन, दचकलेली. लुएलाचा चेहरा एडिटिंगमध्ये कापलेला. नुसता आवाज! माझं डोकं फिरलं. मॅनेजरशी भांडायला मी उठलेसुद्धा. लुएलाने मला खाली ओढलं.

"बस गं. चेहरा कुणाला हवाय?"

मग तो सिनेमा नेब्रास्कात पोचला. मिसेस हॅगस्ट्रॉमनी म्हातारीला जवळजवळ उचलूनच नेलं, आणि त्याच रात्री खास ट्रंककॉल केला. लुएलाने रिसीव्हर दोघींच्या कानांच्या मधोमध धरला.

मिसेस हॅगस्ट्रॉम सांगत होत्या, "अगं, पाऊण सिनेमा ती गप्प बसून होती. मला वाटलं, झोपली. तेवढ्यात तुझी हाक आली. म्हातारी ताडकन उठून उभी राहिली, काठी चाचपायला लागली, आणि भरल्या थेटरात मोठ्याने म्हणाली, 'आले गं बाळा, हात धुऊन आलेच.'"