कल्याणच्या बाजारात राहिलेली दाढ

शत्रूलाही क्षमा करावी, असे लहानपणापासून ऐकत आलो. एका माणसाच्या बाबतीत मी ते कधीच मनावर घेतले नाही. त्याचे नाव मला तेव्हा ठाऊक नव्हते, आजही नाही. तो कल्याणच्या बाजारात पिंपळाखाली गोणपाट अंथरून बसे आणि लोकांचे दात उपटी.

मी त्या वेळी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. खालची उजवी दाढ पंधरवडाभर ठणकत होती. लवंग झाली, हिंग झाला, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलेले सगळे पाले चघळून झाले. सरकारी दवाखान्यात जायची छाती होत नव्हती. तिथे गेलेला माणूस चिरल्याशिवाय परत येत नाही, असा आमच्या आळीत समज होता. अशात सणाला सासुरवाडीस कल्याणला गेलो आणि बाजारात हा माणूस दिसला. त्याच्यापुढे तांबड्या फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग होता, पायलीभर तरी असेल. ज्याने इतके काढले त्याला आणखी एक काढणे काय जड, असा मी विचार केला. ढीग पाहून भुलणारा मी काही एकटाच नव्हतो. तो मांडलेलाच त्यासाठी होता.

त्याने माझे डोके गुडघ्यांत धरले, चिमटा आत घातला आणि पिळला. आत काहीतरी कटकन वाजले. मी वाकून रक्त थुंकत होतो, तेवढ्यात त्याने दाढ ढिगात फेकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. माझी दाढ मी पाहिलीसुद्धा नाही.

ठणका थांबला नाही. उलट कानापर्यंत चढला. दाढ गेली आणि दुखणे राहिले, हे काय गौडबंगाल, असे म्हणत मी आठ-दहा दिवस काढले. मग एका सकाळी दात घासताना जबडा नेहमीपेक्षा आखडल्यासारखा वाटला. आमच्या आळीतला एक शिंपी पायात खिळा जाऊन धनुर्वाताने गेला होता. त्याची बसलेली दातखीळ मी डोळ्यांनी पाहिली होती. घरची माणसे चमचा घालून दात उघडू पाहत होती आणि ते उघडत नव्हते. तो कटकन झालेला आवाज म्हणजे मूळ मोडल्याचा, ते आत कुजत असणार आणि आता आपली पाळी, हे माझ्या मनाने घेतले. एकदा घेतले ते घेतलेच. कचेरीत नकला करता करता मी तोंडात तीन बोटे घालून पाही. मावली की जिवात जीव येई, आणि लेखणी दौतीत बुडवेपर्यंत तो पुन्हा जाई.

घरी पत्नीचीही तीच गत. "आ करा बघू," ती म्हणे, आणि दिवा जवळ आणून आत पाही. तिच्या भीतीचे कारण निराळे होते. तिची थोरली बहीण विशीच्या आत विधवा झाली होती. तिचे केस उतरवले तेव्हा माझी पत्नी शेजारच्या खोलीत होती. कल्याणला गेलो की ती बहीण लाल आलवणात, पदर कपाळापर्यंत ओढून, परसदारी भांडी घासताना दिसे. मी गेलो तर हिचेही तेच होणार होते. याबद्दल आम्ही दोघे कधी बोललो नाही. तिने एकभुक्त धरले आणि केसांना तेल लावायचे सोडले, एवढे मात्र मला दिसत होते.

ते पाहिले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. त्या माणसाला दोरीने खांबाला बांधावे आणि त्याच्याच चिमट्याने त्याचे दात एकेक करून, मध्ये बराच वेळ जाऊ देऊन उपटावेत, असे मी मनात अनेकदा केले आहे. त्या ठणक्यावर दुसरे औषध मला सापडले नव्हते. दातओठ खायचीही सोय नव्हती.

शेवटी दवाखान्यात गेलोच. डॉक्टर शांत स्वभावाचा होता. त्याने काही चिरले नाही. "सूज आहे, आतलं नीट दिसत नाही," तो म्हणाला. "या दाढेला दोन मुळं असतात. काढलेली दाढ घेऊन या. मुळं शाबूत असली तर काळजी नको, सूज आपोआप ओसरेल. मोडलेली असली तर पुढचं बघू."

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गाडीने कल्याण गाठले. तो आपल्या जागीच होता. मी काय हवे ते सांगितले. त्याने हात ढिगाकडे केला.

"असंल यातच. घ्या की शोधून, महाराज."

मी उकिडवा बसून ते दात निवडू लागलो. लोकांच्या तोंडातले, किडलेले, तंबाखूने काळे पडलेले दात मी, रोज संध्या करणारा माणूस, तांदळातले खडे वेचावेत तसा वेचत होतो. दोन मुळांच्या दाढाच शेकड्यांनी होत्या. भोवती माणसे जमली. मिठाची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई म्हणाली, "दे रं त्या बामनाला त्याचा दात." सगळे हसले. त्या माणसाने ढिगातली एक दाढ उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

"ही तुमचीच."

"कशावरून?"

"बरं, मंग ही घ्या." त्याने दुसरी ठेवली. "दात तो दात, महाराज. कुठला बी न्या. डाक्तर काय वळखनार हाय?"

लोक पुन्हा हसले. तोही हसला, आणि त्याचे दात सगळे जागच्या जागी होते, चांगले पांढरेशुभ्र. मला परसदारी बसलेली मेहुणी आठवली. पुढचे मी विचार करून केले नाही. फडक्याची चारी टोके गोळा केली, बोचके खांद्यावर टाकले आणि किल्ल्याखालच्या खाडीच्या धक्क्याकडे पळत सुटलो. कारकुनी करणारा माणूस असा पळेल असे त्याला वाटले नसावे. तो येईपर्यंत मी धक्क्याच्या टोकाला होतो. त्याच्यादेखत बोचके सोडले आणि त्याची सारी पुण्याई भरतीच्या पाण्यात ओतली. आता बस म्हणावे रिकाम्या फडक्यापुढे. कोण येतो तुझ्याकडे ते पाहू. इतके निर्भेळ सुख मला लग्नातही झाले नव्हते.

तो धापा टाकत आला. मी मार खायच्या तयारीने उभा होतो. त्याने मला हातही लावला नाही, शिवीही दिली नाही. पाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तुमची बी त्यातच व्हती ना, महाराज? आता डाक्तरला काय दावनार?"

मी धक्क्यावर बसलो. तो रिकामे फडके झटकत निघून गेला.

घरी पोचलो तेव्हा पत्नी दारातच उभी होती.

"मिळाली का?"

"मिळाली," मी म्हणालो. "परस्पर डॉक्टरांना दाखवून आलो. दोन्ही मुळं शाबूत आहेत."

"मग कुठे आहे ती?"

"खाडीत टाकली."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत गेली. जरा वेळाने तेलाची वाटी घेऊन ओटीवर येऊन बसली.

त्याचा ढीग बुडवल्याचे मला आजही वाईट वाटत नाही. पुढे त्याने पोट कशावर भरले याची मी कधी चौकशी केली नाही. उपाशी राहिला असेल तर राहो. त्या संध्याकाळपर्यंत आम्ही दोघे मिळून घाबरत होतो. त्यानंतर कित्येक महिने मी एकटा घाबरत होतो.