साइटवरची माणसं

शिरूरमध्ये त्या काळी साइट म्हटलं की वाळू, खडी आणि सळया एवढंच डोळ्यांसमोर यायचं. त्यामुळे आमच्या साहेबांनी साइट काढल्याचं कानावर पडताच दोन गवंडी काम विचारत खताच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत येऊन थडकले. साहेबांनी त्यांना चहा पाजला, कॉम्प्युटरवर कांद्याचे भाव दाखवले. त्यांनी ते लक्ष देऊन बघितले आणि मग सिमेंट कुठं उतरवलंय म्हणून विचारलं.

मी कवठे येमाईची. टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या आणि लग्न लांबणीवर टाकायला कुठलीही नोकरी चालणार होती. साहेब मूळचे दौंडचे, पुण्यातली चांगली लागलेली नोकरी सोडून आलेले. आम्ही काही मुलं-मुली सकाळी बाजार समित्यांना फोन लावून भाव विचारायचो आणि इंटरनेटवरच्या आमच्या साइटवर चढवायचो. लाइन एकच, त्यामुळे नेट चालू असलं की फोन बंद. लोक आम्हाला हसायचे. पण पुढं दुबईचा एक व्यापारी आमचा भाव बघून माल ठरवायला लागला. मी टाइप केलेला आकडा समुद्रापलीकडं कुणीतरी वाचतंय, या विचारानं मला धड जेवण जाईना.

मग एका मोठ्या कंपनीनं साइट विकत मागितली. शिरूरचं ऑफिस मात्र त्यांना नको होतं, म्हणजे आम्ही सगळे घरी बसणार. माझ्या वडिलांनी तर मुलगा बघूनच ठेवला होता, फक्त नोकरी सुटायची वाट बघत होते. साहेबांनी आमच्यापासून काही लपवलं नाही. सही व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला दौंडला घरी जेवायला बोलावलं.

विहारामागं दोन खोल्यांचं घर. त्यांचे वडील, म्हणजे आप्पा, कुरकुंभच्या एका कारखान्यात कंत्राटावर शिफ्ट करायचे. तो कारखाना विकला गेला तेव्हा नव्या मालकानं मशिनी ठेवल्या आणि कंत्राटी माणसं गेटबाहेर काढली. आप्पा त्यांतलेच एक. मुलाचा धंदा बांधकामाचाच आहे, ही त्यांची पक्की समजूत. पोरींसाठी साइटवर सावली केलीय का, असं ते मला भेटल्यावर विचारायचे आणि मीही केलीय म्हणून मोकळी व्हायचे.

जेवताना साहेबांनी साइट विकत असल्याचं सांगितलं. आप्पांचा हात ताटातच थांबला.

"इकतोस तर इक. पर साइटवरच्या मानसांचं काय केलंस?"

साहेबांना कायदे सांगता आले असते, व्यवहार सांगता आला असता. आप्पांचा गैरसमज दाखवून हसण्यावारीही नेता आलं असतं. त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"काय बी न्हाई केलं, आप्पा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सही झाली नाही. एवढा मोठा व्यवहार त्यांनी लोंबकळत ठेवला, आमच्या साइटच्या मालकीतला वाटा आम्हा प्रत्येकाच्या नावावर केला, चहा करणाऱ्या मावशींच्याही, आणि मगच साइट विकली. त्यांच्या वकिलानं म्हणे कपाळावर हात मारून घेतला. मला तर कितीतरी दिवस ते खरंच वाटेना. असं माणूस वागतं, हे मी तोवर कुठं बघितलंच नव्हतं.

ऑफिस बंद झालं. माझ्या वाट्यातून मी तीच खोली विकत घेतली आणि कॉम्प्युटरचा क्लास काढला. मुलाकडच्यांना नकार कळवायला वडील स्वतः गेले. साहेबांनी आपल्या वाट्यातलं बहुतेक सगळं कंत्राटी मजुरांच्या मुलींच्या शिक्षणासाठी काढून दिलं. सत्काराचं आमंत्रण आलं की ते नेमके आजारी पडायचे.

एका दुपारी ते जिना चढून आले आणि दारातच थांबले. मुलींच्या शिक्षणाचं काम बघायला एक टेबल भाड्यानं मिळेल का, असं विचारत होते. अख्खी इमारत घेऊ शकला असता हा माणूस. मी भाडं घेणार नाही म्हणाले, तर ते दुसरीकडं जागा बघायला निघाले. शेवटी मी हार मानली. पहिलं भाडं मी न मोजताच ड्रॉवरमध्ये टाकलं.

"पावती द्या, मालकीणबाई," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.